मुलूखमैदानचे माहेर

निवडणुकीचा हंगाम आला की आमच्या चौकातल्या फलकावर एक मजकूर हटकून झळकतो. वक्त्याचे नाव बदलते, पक्ष बदलतो, फलक रंगवणाराही आता उरला नाही, त्याच्या जागी छापील कापड आले. पण मजकूर तोच. ‘मुलूखमैदान तोफ’ अमुकअमुक यांची जाहीर सभा! संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांना हे विशेषण लागले ते शोभूनही दिसले. हजारोंची सभा, समोरचा पक्ष गारद, असा त्यांचा खाक्या. पुढे ज्याचा घसा मोठा तो मुलूखमैदान, अशी या शब्दाची स्वस्ताई झाली. आता तर वॉर्डाच्या निवडणुकीतही दोन-चार मुलूखमैदाने सहज भेटतात.

अशाच एका फलकाखाली उभे राहून माझ्या एका स्नेह्यांनी मला परवा छेडले. गृहस्थ निवृत्त शिक्षक, शुद्धलेखनाचे कडवे भक्त. म्हणाले, “अहो, तुम्ही दर आठवड्याला शब्दांविषयी लिहिता, मग या एका शब्दाचा सोक्षमोक्ष का लावत नाही? मुलूख म्हणजे देश, मैदान म्हणजे मोकळी जागा. देशमोकळीजागा तोफ! याला काही अर्थ आहे का? मूळ नाव मलिक-ए-मैदान. आपल्या लोकांनी त्याची मोडतोड केली. तुम्ही एकदा खडसावून लिहा.”

खडसावण्याचे काम मला जमत नाही. शिवाय मी नगरचा. (जिल्ह्याचे आणि शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण एस.टी.च्या थांब्यावर अजून ‘नगर, नगर’ अशीच आरोळी ऐकू येते.) आणि ही तोफ नगरची लेक आहे. ‘मुलूखमैदान कुठली?’ म्हणून विचारले तर शंभरातले नव्व्याण्णव लोक ‘विजापूरची’ म्हणून सांगतात, आणि ते खरेही आहे. पण लेकीला सासरच्याच गावाने ओळखावे तसे ते खरे आहे. दिवाळीत लेकी माहेरी येतात. ही येणे शक्य नाही, वजन पंचावन्न टन! तेव्हा आपणच तिची चौकशी करू, आणि मग मास्तरांच्या प्रश्नाकडे वळू.

या तोफेचा जन्म १५४९ सालचा. कुठल्या दंतकथेवर विसंबून हे साल मी सांगत नाही. तोफेच्या अंगावरच ते कोरले आहे, हिजरी ९५६. पहिला बुऱ्हाण निजामशाह त्या वेळी नगरच्या गादीवर होता. कोरीव मजकुरात त्याचे नाव आहे आणि आपण पैगंबराच्या घराण्याचे सेवक आहोत असा उल्लेख आहे; बुऱ्हाणने बारा वर्षांपूर्वीच शिया पंथ स्वीकारला होता, त्याची ही खूण. पण मला खरे कौतुक दुसऱ्या ओळीचे वाटते. बत्ती देण्याच्या छिद्राजवळ कारागिराने आपले नाव घातले आहे: मुहंमद बिन हसन रूमी याची ही कारागिरी. त्या काळी किल्ले बांधणारे, विहिरी खणणारे, शिल्पे घडवणारे किती हात आले नि गेले; त्यांच्यापैकी फारच थोड्यांना स्वतःचे नाव मागे ठेवता आले. हा एक भाग्यवान.

‘रूमी’ म्हणजे रूमचा माणूस. आपल्या बखरींतून ‘रूमशाम’ असा जोडशब्द येतो, त्यातला हा रूम. मूळ शब्द रोम. रोमचे राज्य पूर्वेकडे कॉन्स्टँटिनोपलला गेले, तिथे पुढे तुर्क आले, पण नाव तेच राहिले. म्हणजे आमचा हा कारागीर तुर्कस्तानच्या बाजूचा. तोफा ओतण्याच्या विद्येत तुर्क त्या काळी जगाचे गुरू. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपलचा अभेद्य तट त्यांनी अजस्र तोफांच्या जोरावर फोडला. आपला ‘तोफ’ हा शब्दही त्यांचाच, तुर्कीत ‘तोप’. इस्तंबूल शहरात ‘तोफाने’ नावाचा एक भाग आहे. सुलतानाच्या तोफा ओतण्याचा कारखाना तिथे होता. आणि आमच्या नगरला ‘तोफखाना’ नावाची वस्ती आहे, त्याच नावाचे पोलीस ठाणेही आहे. तोफाने आणि तोफखाना हे एकाच शब्दाचे दोन उच्चार! तोफखान्यात राहणाऱ्या किती नगरकरांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

आता जरा तिची मापे ऐका. लांबी साधारण साडेचौदा फूट. जाडी एवढी, की शेजारी उभ्या राहिलेल्या बुटक्या माणसाच्या डोक्याएवढी तिची पाठ येते. व्यास सुमारे पाच फूट. तोंडाची पोकळी अठ्ठावीस इंच. म्हणजे एखादा सडपातळ मुलगा आत शिरून बसू शकतो, आणि पूर्वी सहलीला गेलेली मुले बसतही असत. एवढ्या तोंडाला बसणारा दगडी गोळा किती वजनाचा होईल याचा मी साधा हिशेब केला. चार-साडेचारशे किलो भरला. लोखंडी असता तर त्याच्या तिप्पट. तुलनेसाठी म्हणून सांगतो. तुर्कांनी १४६४ साली ओतलेली एक प्रख्यात तोफ आज इंग्लंडात पोर्ट्समथजवळच्या एका किल्ल्यात आहे. सुलतानाने ती १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीला भेट दिली. तिचे तोंड सुमारे पंचवीस इंच, वजन सतरा टनांच्या आत. म्हणजे गुरूच्या घरच्या या तोफेपेक्षा शिष्याघरची तिप्पट जड निघाली.

धातू कोणता, तर तांबे आणि कथील. शंभरात ऐंशीच्या आसपास तांबे, बाकी कथील. हे मिश्रण वाचकांच्या घरात नाही असे घर विरळा. आपले कासे! आजी उन्हाळ्यात पायाच्या तळव्याला तूप लावून जी काशाची वाटी घासायची, ती आणि ही तोफ यांची जात जवळजवळ एकच. म्हणून तर तोफेवर बोटाच्या पेराने हलकेच ठोकले तर ती घंटेसारखी वाजते. आणि विजापूरच्या रणरणत्या उन्हातही तिचे अंग गार लागते असे पाहून आलेले लोक सांगतात.

पण वाटी ओतणे वेगळे आणि पंचावन्न टन ओतणे वेगळे. ओताऱ्याच्या धंद्याची थोडी माहिती असलेल्याला यातली गोम लगेच कळेल. एवढा धातू एका भट्टीत वितळत नाही. जमिनीत खड्डा घ्यायचा, त्यात साचा उभा करायचा, पोकळीच्या जागी मधला गाभा टांगायचा, भोवती माती ठासून भरायची. मग आजूबाजूच्या भट्ट्यांमध्ये धातू एकाच वेळी तयार व्हायला हवा आणि चरांतून एकामागोमाग एक, धार न तुटता, साच्यात उतरायला हवा. मधेच एक भट्टी मागे राहिली, तर आधी पडलेला धातू थिजतो, सांधा राहतो. आणि असा सांधा असलेली तोफ पहिल्याच बाराला शत्रूऐवजी आपल्याच गोलंदाजांना घेऊन जाते. साच्यात ओल राहिली तर वाफ कोंडून स्फोट ठरलेला. विजेचे पंखे नाहीत, उष्णता मोजण्याचे यंत्र नाही. सारी मदार ज्वाळेचा रंग पाहणाऱ्या डोळ्यावर. त्या दिवशी नगरच्या माळावर किती भाते फुसफुसले असतील आणि मुहंमद बिन हसनच्या पोटात केवढा गोळा उठला असेल, याची कल्पना करावी. तोफ साच्यातून निघाल्यावर त्याने नाव कोरले, यात नवल ते काय!

तोफेचे तोंड त्याने एका अक्राळविक्राळ श्वापदाच्या जबड्यासारखे घडवले आहे. कोणी त्याला सिंह म्हणतात, कोणी मगर, कोणी अजगर. उघड्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना एकेक चिमुकला हत्ती चिरडला जातो आहे. दख्खनच्या त्या काळच्या लढाईत हत्ती म्हणजे सैन्याची शान. विजयनगरकडे हत्ती उदंड. हत्तींचे दिवस संपले, आता हा प्राणी त्यांना गिळणार, असेच रूमी कारागिराला सुचवायचे असावे. निदान मला तरी ते चित्र पाहून असेच वाटते.

आणि तसेच घडले. २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटची लढाई झाली. एका बाजूला विजयनगरचा वृद्ध रामराया, दुसऱ्या बाजूला दख्खनच्या सुलतानांची फळी. मध्यभागी आमचा हुसेन निजामशाह, बुऱ्हाणचा मुलगा. फरिश्ता नावाचा जो प्रसिद्ध इतिहासकार, तो स्वतः तरुणपणी नगरच्या दरबारात होता. त्याने या लढाईचे वर्णन करून ठेवले आहे. निजामशाही तोफखान्यावर चलबी रूमी खान. लहानमोठ्या सहाशे तोफांच्या तीन रांगा, पुढे सर्वांत अवजड. या रांगा दिसू नयेत म्हणून त्यांच्यापुढे दोन हजार धनुर्धारी उभे केलेले. ते बाण सोडत सोडत मागे सरकले, विजयनगरचे सैन्य विजय आपलाच समजून आवेशाने पुढे आले, धनुर्धारी बाजूला झाले, आणि तोफांची तोंडे उघडी पडली. मुलूखमैदानही त्या पहिल्या रांगेत होती असे परंपरा सांगते.

विजयनगरचे लोक तरीही हटेनात. ते दुसऱ्यांदा चालून आले तेव्हा रूमी खानाने तोफांमध्ये तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरल्या. गोळा एक असतो, एका रेषेत जातो. पिशवी फुटली की नाणी चहूकडे पसरतात आणि जवळ आलेल्या गर्दीला झोडपतात. बाजारात ज्या पैशाने जोंधळा घ्यायचा, त्याच पैशाने माणसे कापली गेली. तोफांच्या तोंडाशी प्रेतांचा खच पडला असे फरिश्ता लिहितो. रामराया पकडला गेला आणि हुसेनच्या हुकमाने त्याच दिवशी मारला गेला. विजयनगरसारखे शहर त्यानंतर पुन्हा उभे राहिले नाही. ‘मुलूखमैदान’ हे विशेषण आपण ज्या सहजपणे गळ्यात घालतो, त्यामागे हा दिवस आहे.

नाण्यांची ही गोष्ट पुढे एकदा फिरून नगरला आली. हुसेनची मुलगी चांदबिबी. तिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी झाले. सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून गेला. म्हणजे तिचेही माहेर नगर, सासर विजापूर. वैधव्य आल्यावर तिने सासरचे राज्य सांभाळले आणि पुढे माहेरावर संकट आले तेव्हा ती इकडे आली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट उडाला तेव्हा तिने भगदाडाशी उभे राहून रातोरात तो बुजवून घेतला. गोळे संपले तेव्हा तिने तोफांतून तांब्याची नाणी झाडली, ती सरल्यावर रुप्याची, मग सोन्याची, अशी कथा नगरच्या पोरासोरांना पाठ असते. चांदबिबी परत आली आणि १६०० साली याच किल्ल्यात आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. तोफ गेली ती मात्र परतली नाही.

ती आधी परांड्याच्या किल्ल्यात ठेवलेली होती. निजामशाहीची घडी विस्कटली, परांडा आदिलशाहीकडे गेला, आणि १६३२ साली मुरार जगदेवाने तिला विजापूरला नेले. हा मुरारपंत म्हणजे हत्तीची तुला करणारा. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर त्याला हत्तीच्या भारंभार दान करायचे होते. हत्ती तोलावा कसा? शहाजीराजांनी युक्ती सांगितली म्हणतात: हत्ती नावेत चढवा, नाव बुडेल तिथे खूण करा, मग हत्ती उतरवून खुणेपर्यंत धोंडे भरा आणि धोंडे तोला. नागरगावचे तुळापूर झाले ते तेव्हापासून. अशा माणसाला पंचावन्न टनांची तोफ हलवणे अवघड का वाटावे! दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली अशी परंपरागत गणती आहे. तिच्याबरोबर ‘कडकबिजली’ नावाची दुसरी एक मोठी तोफ निघाली होती, ती वाटेत नदीत बुडाली ती कायमचीच. मुलूखमैदान पोचली आणि विजापूरच्या पश्चिम तटावर शेरझा बुरुजावर जाऊन बसली. तिथेच ती आजही आहे.

बुरुजाशी पाण्याचा एक हौद आहे. बत्ती देताच गोलंदाज त्यात बुडी मारायचा, नाहीतर आवाजाने कानठळ्या बसून मेलाच असता, असे तिथले वाटाडे सांगतात. वाटाड्यांचे सगळेच काही खरे धरायचे नसते; पण हे ऐकताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आता मास्तरांचा प्रश्न. मूळ नाव मलिक-ए-मैदान, हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर. मलिक म्हणजे राजा, रणांगणाचा राजा. आणि नगरच्या तोंडी ‘मलिक’ हा शब्द कुणी आणून घालण्याची गरज नव्हती. शहर वसवले ते मलिक अहमदने, १४९४ साली. निजामशाही बुडत असताना तिला पंचवीस वर्षे खांद्यावर पेलून धरले ते मलिक अंबरने. मधल्या काळात माणूस नसलेला हा तिसरा मलिक जन्माला आला. तिघांत जास्त आयुष्य त्याचेच.

पण अरबी भाषेची एक गंमत आहे. तिच्यात शब्दाचा प्राण तीन व्यंजनांत असतो आणि स्वर बदलले की अर्थाची छटा बदलते. म-ल-क ही तीन व्यंजने घ्या. मलिक म्हणजे राजा, मालिक म्हणजे धनी, मुल्क म्हणजे राज्य, देश. मालिकचे आपण मालक केले आणि त्याला घरमालकापर्यंत खाली आणले. मुल्कचे मुलूख केले. ‘मुलकी पाटील’, ‘मुलकी खाते’ यांतला मुलकीही त्याचाच. इतकेच काय, निजामशाही ज्या किताबावरून निजामशाही झाली, तो मलिक अहमदच्या बापाचा किताब होता निजाम-उल्-मुल्क; त्यातही हा मुलूख आहेच. तेव्हा मलिकचा मुलूख झाला म्हणून मास्तरांनी डोक्याला हात लावण्याचे कारण नाही. शब्द घराबाहेर गेलाच नाही; थोरल्या भावाच्या जागी धाकटा येऊन बसला.

तो का बसला, हेही कळण्यासारखे आहे. शेतकऱ्याला, शिलेदाराला, बैल हाकणाऱ्या गाडीवानाला ‘मलिक’ हा दरबारी शब्द जवळचा नव्हता. मुलूख रोजचा होता. ‘मुलूखगिरी’ला गेलेला मुलगा, ‘मुलूख उद्ध्वस्त झाला’ म्हणून गाव सोडलेले कुटुंब, हे त्याच्या घरचे. शिवाय त्या तोफेने नेमके काय केले? एका मुलुखाचे मैदान केले! विजयनगरची वाट त्या दिवसानंतर जी लागली ती पाहता, मूळ कारागिराच्या मनात नसलेला हा अर्थ लोकांनी नकळत तिच्या नावात भरला असे मला वाटते. फारसी व्याकरणाच्या दृष्टीने नाव मोडले असेल. मराठीच्या दृष्टीने ते बसले. आणखी एक फरक झाला तो मास्तरांच्या ध्यानात आला नव्हता. मलिक हा पुरुष. मराठीत तोफ ती. रणांगणाचा राजा आपल्याकडे येताच बाईमाणूस झाला, म्हणून तर मला वर तिचे माहेर काढता आले.

शस्त्रांची नावे अशी लोकांच्या तोंडी पडूनच तयार होतात. देवगिरीच्या किल्ल्यावर एक सुरेख तोफ आहे. तिचे कागदोपत्री नाव ‘किल्ला-शिकन’, म्हणजे किल्ले फोडणारी. आज ते नाव कुणाला विचारा! तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके आहे, म्हणून ती झाली मेंढा तोफ. जंजिऱ्यावरची कलालबांगडी, विजापूरचीच लंबछडी आणि लांडा कसाब, ही नावे कुठल्या दरबारी मुनशीने ठेवली असतील असे वाटत नाही. बादशाहाने ठेवलेले नाव शिलालेखात राहते आणि पहारेकऱ्याने ठेवलेले नाव लोकांत.

बादशाहावरून आठवले. औरंगजेबाने सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर घेतले आणि याच तोफेवर दुसरा लेख कोरवला: आपण विजापूर जिंकले आणि मलिक-ए-मैदान काबीज केली. हिजरी १०९७. राजवाडे, खजिने, घुमट एवढे सगळे हाती आले असताना विजयाची नोंद करायला त्याला ही तोफ योग्य वाटली, ही तिच्या नावाचीच किमया. पुढे वीस वर्षे तो मराठ्यांच्या मागे दख्खनचे डोंगर तुडवत राहिला. रणांगणाचा राजा ताब्यात आला. रणांगण काही आले नाही. शेवटी थकून तो जिथे येऊन टेकला आणि १७०७ साली जिथे त्याने प्राण सोडला ते ठिकाण म्हणजे नगरच्या वेशीवरचे भिंगार. तोफ जिथे ओतली गेली त्याच पंचक्रोशीत! त्याचे दफन खुलताबादला झाले, पण भिंगारजवळचे आलमगीर नावाचे ठिकाण अजून आहे.

यानंतर तोफेचे काम संपले. नाव मात्र कामाला आले, ते असे.

इंग्रजांचे राज्य झाल्यावर १८२३ साली मुंबई सरकारच्या मनात आले की ही तोफ विलायतेला राजाच्या नजराण्यासाठी धाडावी. एक इंजिनिअर पाहणीला गेला. समुद्रापर्यंत न्यायला रस्ताच नाही, असा अभिप्राय त्याने दिला. खराब रस्त्यांचे उपकार मानायची वेळ माणसावर क्वचितच येते. आपल्यावर ती तेव्हा आली. पुढे १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि विजापूर त्या मुलुखासह कंपनीकडे आले. १८५४ साली साताऱ्याच्या कमिशनरांनी हुकूम काढला की विजापुरात जो निरुपयोगी सरकारी माल पडला आहे तो लिलावात काढावा. त्या भंगारात मुलूखमैदानही धरली गेली.

लिलाव झाला. तालिकोट गाजवलेल्या, दहा हत्तींनी ओढलेल्या, औरंगजेबाने जिच्यावर आपले नाव घातले त्या पंचावन्न टन काशाला सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपये. घेणाऱ्याने ती फोडून वितळवली असती यात शंका नको. तिचे हंडे, घंगाळी, वाट्या झाल्या असत्या आणि त्यांतली एखादी आज कुणाच्या आजीच्या हाती असती. पण विजापूरच्या मामलेदाराला काहीतरी खटकले. एवढ्या धातूला ही किंमत फारच थोडी, हे एक. आणि लोक या तोफेला मानतात, तिच्याविषयी त्यांच्या मनात भाव आहे, हे दुसरे. त्याने तसे वर कळवले. असिस्टंट कमिशनरांनी विक्री रद्द केली.

लोक मानत होते ते कशाला? कोरलेली फारसी वाचणारे तिथे किती असतील! रूमी कारागीर कुणाला ठाऊक नव्हता, बुऱ्हाण निजामशाहही नाही. त्यांना ठाऊक होते ते नाव, आणि तेही मास्तरांच्या मते मोडके.

हे सगळे मी मास्तरांना ऐकवले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “ठीक आहे, पण कंसात मूळ नाव द्यायला हरकत नाही ना?” मी म्हटले, मुळीच नाही.

नगरमध्ये आता रणगाड्यांचे मोठे लष्करी केंद्र आहे. १९९४ पासून रणगाड्यांचे एक संग्रहालयही तिथे उभे आहे. देशोदेशींची जुनी धुडे झाडांखाली रांगेने मांडलेली. दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा. आपल्या सैन्यातल्या आजी-माजी रणगाड्यांची नावे विजयंता, अजेय, अर्जुन, भीष्म अशी आहेत. परदेशातून आकडे आणि अक्षरे घेऊन आलेल्या यंत्रांचेही इकडे बारसे झालेले दिसते. तिथल्या एका जवानाला मी विचारले, “तुम्ही लोक आपसात यांना याच नावांनी हाक मारता का?” तो हसला, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, “नाही साहेब, आमची नावे वेगळी असतात.” ती कोणती, ते काही त्याने सांगितले नाही.